मरळीची जोडी

डोहात गुडघाभर पाणी उरलं होतं. मरळी एकेक करून वर यायच्या, हवेचा घोट घ्यायच्या आणि पुन्हा खाली गढुळात जायच्या. मी आणि कौतिकाकाकू काठावर उकिडव्या बसून ते पाहत होतो. ऊन डोक्यावर, पाय चिखलात, आणि बोलायला दोघींच्याही अंगात जीव नव्हता.

"हप्ताभर चालंल," शेवटी काकू म्हणाली. "मंग नुसता चिखल-गारा."

"हप्ता कोठचा?" मागून उरकुडाजी बोलले. "मी सांगतो, जाळं टाका अन् बाजार दाखवा. मरणारच आहेत, त तराजूत मरू द्या."

उरकुडाजी आमच्या बोरटोल्याच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडं एकच औषध, विकून मोकळं व्हायचं.

"आया आहेत त्या," मी म्हणाले. "डोहाले जाळं लावत नाहीत."

"मले शिकवतेस? डोहात पाणी असते तवा लावत नाहीत. आता हा डोह आहे का डबकं?"

उन्हाळ्यात तलाव आटत आटत डोहात येतो, आणि डोहात जी मासोळी उरते ती पुढच्या सालाची. तिला हात लावायचा नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. पण डोहच आटला तर काय करायचं, हे आमच्या म्हाताऱ्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर ती पाळी आली नसावी.

आणि या मरळी काही आपोआप आल्या नव्हत्या. मधे एका ठेकेदाराच्या नादानं संस्थेनं तलावात बाहेरचं बीज सोडलं होतं. त्यात गवत खाणारा मासा होता. त्यानं तलाव असा साफ केला की जणू कुणी झाडून घेतला. लपायला गवत नाही, अंडी घालायला जागा नाही; दोन-तीन सालांत मरळ, मांगूर, शिंगाडा सगळं गेलं. मग आम्ही बाया कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. आधी बेशरमची झुडपं उपटली, मग दुसऱ्या गावांच्या तलावांतून रानभातासारखं देवधान, कमळाचे कांदे, पाणगवत आणून रोवत बसलो. माणसं काठावरून हसायची, की या बाया पाण्यात भाजी लावून राहिल्या. चौथ्या पावसाळ्यात मरळ दिसली. त्या दिवशी कौतिकाकाकू पाण्यातच रडली, आणि मग मी रडले म्हणून मला शिव्या दिल्या.

तीच ही मासोळी. ती गेली की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि माझ्यात ते पहिल्यापासून करायची ताकद नव्हती.

"दुसरीकडं नेऊन ठेवू," मी म्हणाले. "पावसापर्यंत."

"कोठं नेतेस? साऱ्या मुलखात ओला खड्डा दाखव मले एक."

"आहे ना," काकू म्हणाली, आणि माझ्याकडं न पाहता पदरानं तोंड पुसत राहिली. "गराडीची खदान आहे. तिथं हत्ती बुडन इतकं पाणी आहे म्हनतात."

दोघंही मोठ्या लक्षानं डोहाकडं पाहू लागले. गराडी माझं सासर. गिट्टीची खदान बंद पडल्यावर मालकानं तिथं राखणीला बसवलेला माणूस म्हणजे माझा नवरा, हिरामण. नाव आता घेते, तेव्हा घेत नव्हते. सहा वर्षं झाली होती मला माहेरी येऊन.

"तू नको जाऊ," काकू हळूच म्हणाली. "उरकुडा जाईल."

"जाईन ना," उरकुडाजी म्हणाले. "पण जवाई मले काहून हो म्हनतील? दोन्ही गावांच्या मागच्या भांडणात मीच त्यांच्या गावाले मासोळीचोर म्हनलो."

"जाते मी," मी म्हणाले आणि पायाचा चिखल धुवायला पाणी शोधू लागले, तर तेही नव्हतं.

*

लोकांना वाटायचं, मी नवऱ्याशी भांडून आले. भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणाचा कधीतरी समेट होतो. आमचं तसं काही झालंच नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात हिरामण हातभर लांबीची मरळ घेऊन घरी आला. गराडीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मरळीची पिल्लं लालबुंद असतात आणि झुबक्यानं पोहतात. पाण्यावर कुंकू सांडल्यासारखं दिसतं. मायबाप दोघंही त्यांच्या खाली राखण करत फिरतात. त्या झुबक्यात गळाला बेडूक लावून टाकायचा. माय चिडून झेपावते आणि गळाला लागते. यात कसब लागतं असं तिकडचे म्हणतात. आमच्या बोरटोल्यात याला कसब म्हणत नाहीत. राखणीवरची मरळ आमच्यात उपाशी माणूसही धरत नाही. धरली तर पिल्लं दुपारपर्यंत बगळ्यांच्या पोटात.

"कोठं सापडली?" मी विचारलं होतं.

"पिलांवर होती," तो म्हणाला. खुशीत होता. नव्या बायकोसाठी आणली होती.

मी ती साफ केली, शिजवली, वाढली. स्वतः चटणीभात खाल्ला. सासूनं विचारलं, "उपास हाय का वो तुहा?" तर तो हसून म्हणाला, "बोरटोल्याचे लोक मासोळीले माय म्हनतात." सगळे हसले. मीही हसले असेन, नवी होते.

मग दर पावसाळ्यात हेच. मला आवडत नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण मासोळी म्हणजे कमाई, आणि कमाई घरी आणल्यावर बायकोचं तोंड उतरतं याचा अर्थ त्याला लागत नव्हता. मी बोलायचं सोडलं. पुढं एका पावसाळ्यात त्याला एकही झुबका दिसला नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. गराडीच्या तलावात मरळ उरलीच नव्हती. तो खदानीत दगड फोडायला जाऊ लागला. संध्याकाळी घरी यायचा, जेवायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. मला त्याचा राग यायचा, कीवही यायची, आणि दोन्हींचा कंटाळा यायचा.

मग माझ्या बापाला लकवा झाला. मी सेवेला बोरटोल्याला आले. बाप वर्षभरात गेला. तेरवीला सासरचं कुणी आलं नाही. सासू अंथरुणाला खिळली होती असं कळलं, आणि पुढं तीही गेली. आता आमच्यात रीत अशी, की माहेरी आलेली बाई आपल्या पायांनी परत जात नाही. सासरहून कुणीतरी घ्यायला यावं लागतं. नवरा, दीर, निदान शेजारचा एखादा म्हातारा. न बोलावता गेली तर लोक म्हणतात, माहेरच्यांनी हाकलली. मी वाट पाहिली. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. मग मी गवत लावायला पाण्यात उतरले आणि वाट पाहणं बंद केलं. म्हणजे बंद केलं असं सांगत होते.

*

खदानीवर पोचले तेव्हा तो पळसाच्या सावलीत खाट टाकून बसला होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून उठला, पण पुढं आला नाही.

"पाणी पेतेस?" त्यानं विचारलं.

सहा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे. मी माठातलं पाणी घेतलं, प्याले, आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. डोह आटला. मासोळी ठेवायची आहे. पावसाळा लागला की परत नेऊ.

"कोणची मासोळी?"

"मरळ. मांगूर हाय थोडी."

मरळीचं नाव काढल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग खाली पाण्याकडं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. टोमणा मारेल, अट घालेल. वाटेत मी सगळ्याची उत्तरं तयार केली होती.

"ठेवा," तो म्हणाला. "दक्षिणेकडून उतार हाय. ट्रॅक्टर तिथून लावा."

"मालकाले विचारा लागंन ना."

"मालक कोठं येते इथं? मीच हाय."

बस. माझी तयार उत्तरं तशीच घेऊन मी परत आले. वाटेत इतका संताप आला की एका बांधावर बसून घेतलं. माणसानं निदान जेवतेस का विचारावं. आणि विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्राली लावली. उरकुडाजींनी निळे ड्रम काठोकाठ भरले आणि झाकणं ठोकायला घेतली. कौतिकाकाकूनं त्यांच्या हातातलं झाकण ओढलं.

"मारतोस का त्याईले? मरळ वर येऊन हवा घेते. अर्धं पाणी काढ. वरून गवत टाक, ओलं पोतं टाक."

"काकू, एवढं पाणी वाया—"

"काढ म्हनते ना."

अर्धे ड्रम आणि वर देवधानाचा, पाणगवताचा थर, अशी आमची वरात गराडीला निघाली. खदानीत मासोळी सोडली तेव्हा हिरामण उतारावर पाण्यात उभा होता. एकेक मरळ दोन्ही हातांनी धरून खाली सोडत होता, घाई न करता; सगळ्यात शेवटी पाठीवर डाग असलेली मोठी मरळ आणि तिचा जोडीदार. गवत उरलं, तेही त्यानं काठाला लावून ठेवलं. परत येताना काकू ट्रालीत माझ्या मांडीला टेकून बसली होती.

"मांजरापुढं दूध ठेवून चाललो आपण," ती म्हणाली.

मलाही तेच वाटत होतं.

*

पाऊस उशिरा आला, पण आला. अखाडीच्या सणानंतर आमचा तलाव निम्मा भरला तसे उरकुडाजी मागं लागले, जा, मासोळी आण, गावातले लोक मला खाऊन राहिले. खाऊन राहिले होते हे खरं. कुणी सांगायचं, हिरामणनं साकोलीच्या बाजारात मरळ विकली, आपल्या डोळ्यानं पाहिलं. कुणी सांगायचं, खदानीत आता बेडूकसुद्धा नाही. मी ट्रॅक्टर घेऊन गेले, बरोबर काकू. मासोळी नसली तर काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. बोरटोल्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती एवढं ठाऊक होतं.

मासोळी होती. त्यानं आधीच धरून उथळ कोपऱ्यात जाळ्याच्या कुंपणात ठेवली होती. मांगूर, आणि मरळी, तशाच धष्टपुष्ट. काकूनं एकेक ड्रममधे घेतली, आणि तिचा चेहरा सैल होत गेला.

"पन मोठी जोडी दिसत नाही," ती एकदम म्हणाली. "ते पाठीवर डाग असलेली. तिचा जोडीदार."

मी हिरामणकडं पाहिलं.

"त्या नाही नेता येत," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"चाल, दाखवतो."

खदानीच्या पलीकडच्या काठाला, आम्ही आणलेलं गवत आता चांगलं पसरलं होतं. तो खडकावर पोटावर पडला आणि मलाही खुणेनं पडायला सांगितलं. पाण्यावर कुंकू सांडलं होतं. झुबका हलत हलत गवताच्या कडेनं चालला होता, आणि त्याच्या खाली एक काळी सावली, थोडी मागं दुसरी.

"आता नेल्या त पिल्लं जातील," तो कुजबुजला. "इथं बगळे लय हाय. मी सकाळपासून हाकलून राहिलो."

सकाळपासून नाही, कितीतरी दिवसांपासून. खडकाजवळ त्याची खाट होती, चूल होती, गोफण होती. मी त्याच्याकडं पाहिलं. हाच तो माणूस, बेडूक लावणारा. मला रडू येईल असं वाटलं, आणि मग रागच आला.

"हे तेव्हा काहून नाही समजलं तुमाले?"

तो पाण्याकडंच पाहत होता.

"मासोळी सरली तवा समजलं. मंग कोणाले सांगणार? तू त गेली होतीस."

"मले घ्याले याचं होतं."

"आलो होतो."

मला वाटलं ऐकण्यात चुकले. "कधी?"

"तुह्या बापाच्या तेरवीनंतर दोन दिवाळ्या झाल्या, तिसरीच्या आधी. तुमच्या तलावाच्या पाळीपर्यंत आलो. तुमी साऱ्या बाया पाण्यात होत्या. काकू तुह्यावर पाणी उडवून राहिली होती अन् तू हसत होतीस. लय हसत होतीस." त्यानं हात उंचावून एक बगळा उडवला. "माह्या घरी तुले असं हसतानी मी कधी पाह्यलं नाही. त उभा राह्यलो थोडा अन् मंग परत गेलो."

पलीकडून काकू हाक मारत होती, ट्रॅक्टरवाला खोळंबला होता. मी उठले. अंगाला लागलेली गिट्टीची पूड झटकली. सहा वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात जे जे बोलले होते, त्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

"पोळा झाला की पिल्लं सुटी होतील," मी म्हणाले. "मंग जोडी आणून द्या. संस्थेची हाय."

"आणतो," तो म्हणाला.

*

पोळा झाला. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण काकूला माझं तोंड वाचता येत होतं. एका सकाळी तलावावर निघाले तर तिनं माझी लुगडी-चोळ्यांची थैली काखेत मारलेली.

"हे काय?"

"धुवाले आणली," ती म्हणाली. थैलीतली लुगडी धुतलेलीच होती.

तशी तिनं ती रोज आणली. एक दिवस तलावाच्या बांधावरून, त्याच पाळीवरून, सायकल ढकलत हिरामण येताना दिसला. मागं कॅरिअरवर दोरीनं बांधलेला निळा ड्रम. बाया काम थांबवून पाहू लागल्या. कुणी पदर तोंडाला लावला. जवाई घ्यायला आले, हे एव्हाना साऱ्या तलावाला कळलं होतं, फक्त आम्हा दोघांना सोडून.

त्यानं ड्रमवरचं पोतं काढलं. आत पाणी अर्धंच होतं, आणि वर गवत. काकूनं वाकून पाहिलं आणि मान हलवली. तो पाण्यात उतरला, डाग असलेली मरळ दोन्ही हातांनी सोडली, मग दुसरी. दोन्ही देवधानात शिरल्या.

"पिल्लं?" मी विचारलं.

"खदानीत हाय. लय हाय. गराडीच्या तलावात सोडीन म्हनतो, तुमची संस्था हो म्हनन त." त्यानं उरकुडाजींकडं पाहिलं. उरकुडाजींनी काकूकडं पाहिलं. काकू म्हणाली, "सोड."

मग तो हात पुसत उभा राहिला. मी उभी राहिले. सगळ्या बाया उभ्या राहिल्या. तो घ्यायला आलो असं म्हणाला असता, तर मी काय बोलले असते कोण जाणे. पण तो म्हणाला नाही. त्यानं पाण्यातल्या बायांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "बरं. येतो मंग."

आणि रिकामा ड्रम सायकलवर बांधू लागला.

मला एवढं थकल्यासारखं वाटलं की काय सांगू. या माणसानं पुन्हा पाळीवरून परत जायचं, मी पुन्हा पाण्यात उतरायचं, आणि दोघांनीही आयुष्यभर एकमेकांची मर्जी राखत बसायचं. मी पाण्यात गेले. देवधानाचे गड्डे मुळासकट उपटले, कमळाचे कांदे काढले, चिखलासकट आणून त्याच्या ड्रममधे भरले. वरून पाणी ओतलं.

"हे कायले?" त्यानं विचारलं.

"गराडीच्या तलावात काय हाय? निसता चिखल. पिल्लं कोठं लपतील तुमची?"

त्यानं ड्रममधे पाहिलं.

"मले लावता येत नाही," तो म्हणाला.

"माहीत हाय मले."

काकूनं थैली माझ्या हातात दिली. हसली वगैरे नाही. म्हणाली, "लावून झालं की येजो. इथं बी तण काढाचं हाय," आणि पाठ फिरवून पाण्यात गेली. ती इतक्या घाईनं गेली की तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं.

सायकल त्यानं पुढून धरली, ड्रम मी मागून. वर बसायला जागा नव्हती, म्हणून दोघंही चालत निघालो. रस्ता खड्ड्यांचा, आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रममधलं गार चिखलपाणी माझ्या हातांवर उसळायचं. गराडी अजून लांब होती, आणि पुढचा तलाव तर पहिल्यापासून लावायचा होता.

"पानी सांडून राह्यलं का?" त्यानं मागं न पाहता विचारलं.

"सांडू द्या," मी म्हणाले. "चाला तुम्ही."